मेक्सिकोच्या वाड्यात दोन रात्री

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे मेक्सिकोला जाऊन आले. ही बातमी माझ्याआधी माझ्या फोटोंनी गावभर पोचवली. मोठ्या पिवळ्या कमानीखाली मी उभी आहे, मागे खांबांचा लांबच लांब व्हरांडा आहे, तो फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला. बचत गटाच्या बैठकीत तर विचारणाच झाली, "राजवाड्यात राहून आलीस म्हणे?" बायांनो, तो राजवाडा नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर तो मालगुजाराचा वाडा होता. तिकडे त्याला असिएंदा म्हणतात. लिहिताना आधी 'ह' लिहितात, बोलताना गिळून टाकतात.

असिएंदा म्हणजे नुसतं घर नव्हे. मालकाचं घर, त्याला लागून छोटं चर्च, कारखान्याची इमारत, धुराडं, गोदामं, दुकान, कुंपणापलीकडे मजुरांच्या झोपड्या आणि चहूकडे डोळा पोचेल तिथवर जमीन, असा सगळा मिळून तो कारभार. स्पॅनिश राजवटीत हे सुरू झालं आणि पुढे देश स्वतंत्र झाल्यावरही वाढतच गेलं. मुलखाप्रमाणे पीक वेगळं. मोरेलोस भागात ऊस, हालिस्कोत टकिला, इदाल्गोत चांदीच्या खाणींवरच्या असिएंदा. त्यातल्या कितीतरींची आता हॉटेलं झाली आहेत. इदाल्गोतली सान मिगेल रेग्ला म्हणून आहे, अठराव्या शतकात चांदीवर गडगंज झालेल्या एका सरदाराची, तिथेही आज पाहुणे उतरतात. पण आम्ही गेलो दूर आग्नेयेला, युकातानला. मेरिदा हे तिथलं मोठं शहर. मुलीला चार दिवस सुट्टी होती आणि तिचा हट्ट होता की आईला एकदा तरी असिएंदात ठेवायचं.

मेरिदाच्या बाहेर पडलं की जमीन सपाट, दगडच दगड. वरून वाहणारी नदी नाही. चुनखडीचा मुलूख आहे, पाऊस पडतो तो झिरपून खाली जातो. आणि त्या दगडात ओळीने उभी आहे, सांगा बघू काय? घायपात! आपल्या धुऱ्यावर, रेल्वेच्या कडेला असते तीच. म्हणजे अगदी तीच नाही, तिची सख्खी बहीण. तिला हेनेकेन म्हणतात. आपल्या घायपातीला इंग्रजीत सिसल म्हणतात, ते नावही युकातानच्याच एका बंदराचं आहे. तिथून हा वाख जहाजात चढायचा, म्हणून मालाला बंदराचं नाव पडलं.

या काटेरी पानाने तिथे एकेकाळी सोनं पिकवलं. खरंच 'हिरवं सोनं' म्हणायचे त्याला. अमेरिकेत गहू कापून पेंढ्या बांधणारी यंत्रं आली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्या पेंढ्या बांधायला सुतळी लागायची, आणि ती सुतळी इथून जायची. मालक मंडळी इतकी श्रीमंत झाली की मेरिदात त्यांनी फ्रेंच धर्तीचे बंगले बांधले. परतीच्या जहाजांचं वजन राखायला फ्रान्समधल्या मार्सेयची कौलं भरून यायची, तीच गोदामांवर चढवली. मी वर पाहिलं तर आपल्या मंगळुरी कौलांसारखीच दिसली, आणि उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आता मुक्कामाचं सांगते. ज्या जागी राहिलो तिचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. फाटकातून आत गेल्यावर हातात गार सरबत दिलं. खोली एवढी उंच की आवाज घुमावा. जमिनीला रंगीत नक्षीच्या फरशा. भिंतीत समोरासमोर दोन जाड लोखंडी आकडे. मी म्हटलं हे कशाला? तर हमाक टांगायला, म्हणजे जाळीचा झोपाळा. तिकडे घरोघर असे आकडे असतात, रात्रीची झोपही त्यातच. मी दुपारी प्रयत्न केला. सरळ झोपायचं नसतं, तिरपं झोपायचं असतं, हे दोनदा जवळजवळ पडल्यावर कळलं.

भाडं विचारू नका. मी मुलीला विचारलं, तिने सांगितलं नाही, मग कागदावर पाहिलं आणि रुपयात हिशोब केला. सालगड्याचं साल आठवलं.

संध्याकाळी हॉटेलचा एक पोरगा पाहुण्यांना सगळं फिरवून दाखवायला निघाला. हा मालकाचा दिवाणखाना, हे चर्च, हे यंत्रघर. यंत्रघराच्या समोर जुन्या पाण्याच्या हौदाचा तलाव केलाय पोहायला. मग एका खोलीत नेलं. तिथे पिशव्या, टोप्या, साबण, मधाच्या बाटल्या विकायला ठेवलेल्या. तो म्हणाला, "हे पूर्वीपासून दुकानच आहे, तिएंदा दे राया." आणि हसून पुढे निघाला. पाहुण्यांनी टोप्या पाहिल्या, एकदोघांनी घेतल्याही.

मुलगी मागेच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी आहे. रात्री खोलीत तिने मला सांगितलं. तेच तुम्हाला सांगायचं म्हणून खरं तर मी आज इथे आले आहे.

राया म्हणजे रेघ. मजुराच्या नावापुढे रेघ ओढायची, तो त्याचा हिशोब. मजुरी देशाच्या चलनात मिळेलच असं नाही. असिएंदाने स्वतःची पितळी वगैरे नाणी पाडलेली असायची, बिल्लेच म्हणा ना, वर असिएंदाचं नाव. ती चालायची फक्त त्याच असिएंदाच्या दुकानात. मका तिथूनच, कापड तिथूनच, दारू तिथूनच. भाव मालक ठरवणार, वहीत लिहिणार मालकाचा कारकून. फिटत नाही तोवर जागा सोडायची नाही. पळाला तर धरून आणायचे. बाप मेला तर कर्ज पोराच्या नावावर.

आणि त्या वहीत दोन खाती असायची. एक चिचान क्वेंता, एक नोहोच क्वेंता. माया भाषेत चिचान म्हणजे लहान, नोहोच म्हणजे मोठं. लहान खातं रोजच्या मीठमिरचीचं. ते कधीमधी फिटायचं. मोठं खातं मोठ्या खर्चाचं, आणि ते बहुतेकांचं पहिल्यांदा उघडायचं लग्नाला. पोरगा लग्नाचा झाला की मालक हात सैल सोडून पैसे द्यायचा. दागिना, कपडा, जेवणावळ. सगळे म्हणायचे, काय मोठ्या मनाचा मालक! आणि ते खातं जन्मात फिटत नसे.

मैत्रिणींनो, माझे बाबा सालगडी होते. पाडव्याला साल धरायचे, पुढच्या पाडव्याला हिशोब. माझ्या आईबाबांच्या लग्नाला पैसे वाड्यानेच दिले होते आणि त्यापायी बाबांनी किती पाडवे त्याच दारात काढले ते आई बोटांवर मोजून सांगायची. तिकडच्यासारखं धरून आणत नव्हते, ते खरं. मारहाणही नव्हती आमच्याकडे. सारखं नव्हतंच ते, उगाच सारखं म्हणणार नाही. पण "मोठं खातं" हा शब्द ऐकला आणि मला त्या उंच खोलीत, पांढऱ्या स्वच्छ चादरीवर, झोप लागेना. मुलगी म्हणाली, "आई, आपण पैसे भरलेत. तुला एकदा तरी कोणी हातात सरबत आणून द्यावं म्हणून आणलंय मी. तू त्याचाही त्रास करून घेतेस." तिचंही चुकलं नाही. आम्ही दोघी बराच वेळ न बोलता पडून राहिलो.

तिकडचं किती वाईट होतं, हे सांगून ठेवते. १९०८ मध्ये जॉन केनेथ टर्नर नावाचा एक अमेरिकन पत्रकार पैसे गुंतवायला आलेल्या श्रीमंताचं सोंग घेऊन इथे आला. मालकांनी त्याला भावी गिऱ्हाईक समजून सगळं दाखवलं. माणसाची किंमत काय, फटके कसे देतात, दिवसाला दोन हजार पानं कशी कापून घेतात. त्याने ते सगळं मासिकात छापलं. उत्तरेच्या सोनोरा भागातले याकी लोक जमिनीसाठी लढत होते, तर त्यांना बायकापोरांसकट धरून इथे मजुरीला टाकलं होतं. १९०५ मध्ये कोरियातून हजारभर माणसं करारावर आणली, तीही याच कामात अडकली. बायकांचं नाव हजेरीत नसायचं, पण विहिरीचं पाणी, मका दळणं, मालकाच्या घरची झाडलोट, हे कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला एक बाई आली. पन्नाशीची असेल. माझ्यापेक्षा बुटकी, पांढऱ्या झग्यावर गळ्याला रंगीत फुलांचं भरतकाम. त्या झग्याला तिकडे इपिल म्हणतात. मी चादर ओढायला लागले, तर तिने हात धरला. मुलीने दुभाष्याचं काम केलं. ती शेजारच्याच गावची, म्हणजे त्याच असिएंदाच्या मजुरांच्या वस्तीतली. आजोबा हेनेकेन कापायचे, हातावर काट्यांचे वण होते म्हणाली. मी विचारलं, "इथे काम करताना मनात काही येत नाही का?" ती थोडा वेळ उशीचा अभ्रा चढवत राहिली. मग म्हणाली, हे हॉटेल नव्हतं तेव्हा छप्पर पडलेलं होतं, आत झाडं उगवली होती आणि गावातल्या पोरी कान्कुनला नाहीतर मेरिदाला धुणीभांडी करायला जात होत्या. मी रात्री घरी जेवते. एवढंच. आणि मग तिने मला विचारलं, "तुमच्या गावचा वाडा आहे का अजून?"

वाडा आहे. त्याचं शेवटी सांगते.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात. मेक्सिकोत १९१० साली क्रांती सुरू झाली. तिकडे मोरेलोसच्या ऊसवाल्या असिएंदांविरुद्ध जमिनीसाठी उठलेला एमिलियानो सापाता तुम्ही ऐकून असाल. त्याला १९१९ मध्ये दगा देऊन मारलं तेही एका असिएंदाच्या दारातच, चिनामेका तिचं नाव. युकातानला मजुरांची कर्जं रद्द केल्याचा हुकूम १९१४ मध्ये निघाला, पण मालकांनी तो जुमानला नाही. १९१५ मध्ये साल्वादोर आल्वारादो हा सेनापती फौज घेऊन गव्हर्नर म्हणून आला, तेव्हा वह्या खऱ्या अर्थाने मिटल्या. याच आल्वारादोच्या काळात, जानेवारी १९१६ मध्ये, मेरिदाच्या पेओन कोन्त्रेरास नाट्यगृहात मेक्सिकोतली पहिली स्त्रीवादी परिषद भरली. सहाशेवर बाया जमल्या, बहुतेक शाळामास्तरणी. ते नाट्यगृह अजून आहे, आम्ही बाहेरून पाहिलं. मात्र परिषदेला यायचं तर निदान प्राथमिक शिक्षण झालेलं हवं अशी अट होती. म्हणजे मका दळणारी त्यात नव्हतीच. बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला पुढे १९५३ उजाडलं.

जमिनी मजुरांना वाटल्या गेल्या १९३७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या हुकुमाने. गंमत अशी की जमीन गेली तरी मधली मुख्य वास्तू आणि यंत्रं मालकाकडेच राहिली. पान कापणार शेतकरी, पण वाख काढायला जाणार मालकाच्याच यंत्रावर! पुढे आफ्रिका आणि ब्राझीलचा वाख आला, मग प्लॅस्टिकची दोरी आली, आणि सगळंच बसलं. वाडे ओस पडले. १९९० नंतर पैसेवाल्यांनी ते विकत घेऊन दुरुस्त केले. तेमोसोन नावाच्या अशाच एका हॉटेलात अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष येऊन गेले, १९९९ मध्ये क्लिंटन आणि २००७ मध्ये बुश.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील, जायचा योग येईल, तर राहायलाच हवं असं नाही. दिवसा पाहून येता येतं, आणि मला विचाराल तर तेच जास्त आवडलं. मेरिदाहून उक्स्मालच्या रस्त्यावर याश्कोपोइल म्हणून आहे. दुहेरी कमानीचं फाटक, आत जुनं सामान तसंच, रंग उडालेले, छताला डाग. नटवलेलं नाही, म्हणून खरं वाटतं. दुसरी सोतुता दे पेओन. तिथे हेनेकेन अजून लावतात आणि जुनं यंत्र चालवून दाखवतात. खेचराने ओढायच्या छोट्या रुळांवरच्या गाडीतून शेतात नेतात. त्या यंत्रात पान गेलं की हिरवा चोथा एकीकडे आणि पिवळसर केसांसारखा वाख दुसरीकडे. उन्हात वाळत घातलेला वाख पाहिला की म्हाताऱ्या बायका केस सुकवत बसल्यासारखं दिसतं. एका झोपडीत एका म्हाताऱ्या माया माणसाने आम्हाला पान कसं कापायचे, मांडीवर दोर कसा वळायचे ते दाखवलं. मी पुढे होऊन वळून दाखवला, घायपातीचा आपण वळतो तसा. तो हसला आणि माझा दोर उलटा फिरवला. त्यांचा पीळ दुसऱ्या अंगाने.

शेवटी तिथे जमिनीखालच्या पाण्यात उतरता येतं. त्याला सेनोते म्हणतात, गुहेतली विहीरच. पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. उतरण्याआधी अंगाला तेल, क्रीम लावू देत नाहीत, आंघोळ करून जा म्हणतात. मी साडी खोचून पायऱ्यांवर बसले, मुलगी पोहली.

दोन-तीन कामाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, नाहीतर उकाडा सोसत नाही. शनिवारी पुष्कळ असिएंदा लग्नांना दिलेल्या असतात, आधी फोन करून विचारा. शाकाहारी असाल तर घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, 'सिन मान्तेका' म्हणा, म्हणजे चरबीविना. भाकरीची आठवण येणार नाही, कारण मक्याच्या तोर्तिया आहेतच. भोपळ्याच्या बिया भाजून टोमॅटोत वाटलेली एक चटणी करतात, सिकिल पाक, ती मी घरी करून पाहिली. जमली. मिरची मात्र जपून, आबानेरो नावाची त्यांची मिरची आपल्या लवंगीला रडवेल.

आणि आता वर्ध्याच्या बायांसाठी खास. परतीला मेक्सिको सिटीजवळ चापिंगोला गेलो. ही पण असिएंदाच, एका राष्ट्राध्यक्षाच्या मालकीची होती. क्रांतीनंतर सरकारने घेऊन तिथे शेतकी शाळा आणली. आज मोठं विद्यापीठ आहे. असिएंदाच्या जुन्या चर्चमध्ये दिएगो रिवेरा या चित्रकाराने १९२०च्या दशकात भिंती-छत सगळं रंगवलंय. समोरच्या भिंतीवर आडवी पहुडलेली प्रचंड उघडी बाई आहे. आधी मी नजर वळवली, मग कळलं की ती धरणीमाय आहे. तिथलं ब्रीद मुलीने वाचून दाखवलं, इथे जमिनीकडून काढून घ्यायला शिकवतात, माणसाकडून नाही. आणि याच ठिकाणी आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शिकवायला होते! गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांच्या हाती न लागता देशोदेशी फिरले आणि मेक्सिकोत मक्यावर, गव्हावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर नागपूरला आले, १९६७ मध्ये वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला आहे. आपल्याकडे शाळेत मला त्यांचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. सालगड्याची लेक मी, त्यांच्या पुतळ्यापुढे उभी राहिले तेव्हा त्या दोन रात्रींचं मनावरचं ओझं थोडं हललं.

आता आमच्या गावचा वाडा. १९५१ साली मालगुजारी गेली, घर राहिलं. त्या बाईला मी तेव्हा सांगितलं होतं, आहे, पण पडायला आलाय. परत आल्यावर कळलं की मालकाच्या नातवाने डागडुजी काढली आहे. मंगल कार्यालय करणार आहे, पुढे लॉन, मागे स्वयंपाकघर. मी बघायला गेले. त्याने आदराने बसवलं, चहा दिला, नकाशा दाखवला. मी विचारलं, "बाळा, गडी झोपायचे ती पडवी कुठे आली यात?" तो नकाशावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काकू, तिथे जनरेटर येईल." मी म्हटलं, जनरेटर ठेव, पण भिंतीवर एक पाटी लाव, मजकूर मी देते. तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून सांगितलं नाही. पहिलं लग्न तुळशीनंतर ठरलंय.